तोंडातल्या लायकेन प्लॅनससाठी ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का पेस्ट: कुणी घ्यावी, कशी लावावी, कुठे कमी पडते

केनाकॉर्ट, टेस अशा नावांनी औषधाच्या दुकानात मिळणारी ही छोटी ट्यूब. आत ट्रायमसिनोलोन असेटोनाइड हे स्टेरॉइड ०.१ टक्का, तोंडात चिकटून राहील अशा पेस्टमध्ये घोटलेलं. लायकेन प्लॅनस या त्वचेला आणि तोंडातल्या अस्तराला होणाऱ्या आजाराचं निदान झालेल्या बहुतेकांच्या पहिल्या चिठ्ठीवर हीच असते आणि महिनाभरात त्यातले पुष्कळ लोक ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती बाजूला टाकतात.

आमचं मत आधीच सांगतो. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला एखादी छोटी, सोलवटलेली, झोंबणारी जागा असेल आणि तिथे बोट नीट पोहोचत असेल, तर हे उत्तम औषध आहे. दोन्ही गाल, जीभ आणि हिरड्या एकदम पेटल्या असतील तर या पेस्टवर पैसे आणि दिवस घालवू नयेत, त्यासाठी दुसरे उपाय आहेत. आणि गालात नुसत्या पांढऱ्या रेषा दिसत असतील, दुखत किंवा झोंबत काहीच नसेल, तर ही ट्यूब विकत घ्यायची गरजच नाही.

हे तीन वेगळे निकाल का, ते आजार समजला की कळतं. लायकेन प्लॅनसमध्ये शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्वचेच्या किंवा तोंडातल्या अस्तराच्या सर्वांत खालच्या थरावर हल्ला करतात. तो थर नवीन पेशी तयार करणारा असतो. हल्ला सौम्य असला तर वरचं अस्तर जाड होतं आणि पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. लुई विकहॅम यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेल्या म्हणून त्यांना विकहॅमच्या रेषा म्हणतात. हल्ला जोराचा असला तर अस्तर पातळ होऊन लाल पडतं, पुढे सोलवटतं, जखम होते. कातडीवरचे जांभळट, चपटे, खाजणारे पुटकुळे बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत ओसरतात, काळे डाग मात्र मागे बराच काळ राहतात. तोंडातला आजार तसा जात नाही. तो वर्षानुवर्षं राहतो, मध्येच शांत होतो, मध्येच उसळतो. हा आजार संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवल्याने कुणाला होत नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगावं.

म्हणून या पेस्टकडून अपेक्षा काय ठेवायची ते आधी ठरवा. रेषा पुसल्या जाव्यात यासाठी ही नाही. लाल आणि सोलवटलेली जागा भरून यावी, जेवता यावं, यासाठी आहे. आठवड्यात झोंबणं कमी होऊ लागतं, दोन ते चार आठवड्यांत जखम भरत येते. त्यानंतरही पांढऱ्या रेषा तिथेच दिसतात. त्या बघून लोक दिवसातून चार-पाच वेळा पेस्ट थापत राहतात. ते थांबवा.

आता ट्यूबमध्ये काय आहे ते पाहू, कारण या औषधाची अर्धी करामत स्टेरॉइडमध्ये नसून त्याला धरून ठेवणाऱ्या पेस्टमध्ये आहे. पारंपरिक बेसमध्ये जिलेटिन, पेक्टिन आणि सोडियम कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज या तीन पावडरी असतात, पॉलिएथिलीन आणि मिनरल ऑइलच्या जेलमध्ये मिसळलेल्या. या पावडरी ओलावा शोषून फुगतात आणि अस्तराला चिकटतात. तेलकट भाग लाळेला थोपवतो. नुसतं मलम लावलं तर लाळ ते काही मिनिटांत धुऊन नेते. ही पेस्ट नीट बसली तर बराच वेळ टिकते, त्या जागेवर पातळ पडदा बनवते आणि तो पडदाच झोंबणं लगेच कमी करतो. शाकाहाराबाबत काटेकोर असणाऱ्यांनी खरेदीआधी घटकांची यादी वाचावी. जिलेटिन प्राण्यांपासून येतं.

ताकदीचं म्हणाल तर ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का मध्यम आहे. एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम औषध. पाच ग्रॅमची अख्खी ट्यूब पोटात गेली तरी ते प्रेडनिसोलोन या पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या सुमारे सहा मिलिग्रॅमच्या गोळीएवढं होईल. ‘स्टेरॉइड आहे, हाडं ठिसूळ होतील’ या भीतीने पेस्ट न लावणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. दिवसाला लागणारी मात्रा तर याच्या कितीतरी कमी असते.

लावण्याची पद्धत. जितक्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक इथेच उगम पावतात.

जेवण झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. हात साबणाने धुऊन पुसा. मग गॉजचा किंवा स्वच्छ सुती कापडाचा तुकडा घेऊन जखमेची जागा हलकेच टिपून कोरडी करा. चोळायचं नाही, फक्त टिपायचं. ही पायरी गाळली की पेस्ट लाळेवर तरंगते, जागेवर बसतच नाही. कोरड्या बोटावर सुमारे सहा मिलिमीटर लांबीची, म्हणजे मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त पेस्ट घ्या. ती जागेवर ठेवा आणि दाबा. पसरवू नका, मालिश करू नका. पेस्ट चोळली की ती फुटते आणि तोंडात रवाळ, वाळूसारखे कण होतात. ‘ट्यूब खराब निघाली, कचकच लागते’ असं म्हणणाऱ्याने बहुधा ती घासलेली असते. नुसती दाबून धरली की काही सेकंदांत वर गुळगुळीत, निसरडा पडदा येतो. तो आला की बोट काढा. अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, शक्यतो बोलणंही कमी ठेवा.

सर्वांत महत्त्वाची वेळ रात्री झोपण्याआधीची. झोपेत लाळ कमी सुटते, जीभ-गाल फारसे हलत नाहीत, त्यामुळे औषध तासन्‌तास जागेवर राहतं. एकदाच लावायची असेल तर रात्री लावा. जखम जास्त असेल तर डॉक्टर सकाळ-दुपारच्या जेवणानंतरही सांगतात, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा. जेवणाआधी लावलेली पेस्ट भाकरीबरोबर पोटात जाते.

थांबवायची रीतही आहे. जखम भरली की एकदम बंद करण्याऐवजी तीनदाची दोनदा, मग फक्त रात्री, मग एक दिवसाआड असं उतरवत न्यायचं आणि पुढे उसळी आली तरच पुन्हा सुरू करायचं. सात दिवस नीट लावूनही काडीचा फरक नसेल तर पेस्ट वाढवू नका, डॉक्टरांकडे परत जा. एक तर पेस्ट पोहोचत नाहीये, किंवा औषध कमी ताकदीचं पडतंय, किंवा निदानच वेगळं आहे.

पेस्ट कुठे हरते हे सरळ सांगायला हवं. जिभेच्या वरच्या पृष्ठभागावर ती टिकत नाही, कारण जीभ सतत टाळूला घासते. जिभेच्या कडेला थोडीफार टिकते. गालाच्या अगदी मागे, अक्कलदाढेजवळ बोट जात नाही आणि उलटी आल्यासारखं होतं. सगळ्यात वाईट अनुभव हिरड्यांवर येतो. हिरड्या लालभडक, सोलवटलेल्या, ब्रश लागताच रक्त येणाऱ्या झाल्या असतील, तर एकेका दातापाशी मसुराएवढी पेस्ट दाबत बसणं कुणालाही जमणारं नाही. तिथे दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन मऊ, पारदर्शक ट्रे बनवून देतात. हिरड्या झाकतील इतका त्याचा काठ खाली उतरवलेला असतो. त्यात जेलच्या रूपातलं जोरकस स्टेरॉइड पातळ थरात भरून दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवायचं. औषध जागेवर कोंडलं जातं, त्यामुळे कमी मात्रेत जास्त परिणाम मिळतो. जास्तीचं बाहेर आलेलं पुसून टाकायचं, ट्रे रात्रभर घालून झोपायचं नाही. काढता येण्याजोगी कवळी वापरणाऱ्यांच्या कवळीखाली जखम असेल तर कवळीच्या आतल्या बाजूला औषध लावून हाच फायदा मिळू शकतो, पण आधी कवळी घासत तर नाही ना हे तपासून घ्यावं.

ट्यूब किती दिवस पुरते हासुद्धा एक इशारा आहे. एका वेळची मात्रा साधारण ०.१ ग्रॅम धरली, तर एका जागेवर दिवसातून तीनदा लावताना पाच ग्रॅमची ट्यूब पंधरवडाभर जाते. ती आठवड्यात संपत असेल तर तुमचा आजार एका जागेपुरता नाही आणि तुम्हाला पेस्ट नव्हे, चूळ भरायचं औषध हवं.

ते म्हणजे बेटामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी. एक गोळी दहा ते पंधरा मिलिलिटर पाण्यात, म्हणजे चहाच्या दोन-तीन चमच्यांत विरघळवायची, तोंडात तीन ते पाच मिनिटं घोळवायची, घशाशी लागत असेल तर हलकी गुळणी करायची आणि थुंकून टाकायची. सांगितलं असेल त्याप्रमाणे दिवसातून दोन ते चार वेळा. गालाच्या कोपऱ्यांत, जिभेवर, टाळूवर एकाच वेळी पोहोचणारं याहून स्वस्त औषध नाही. धोका मात्र एक आहे: लोक ती गोळी गिळतात. अशा चार गोळ्या रोज गिळणं म्हणजे रोज सोळा-सतरा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेण्यासारखं आहे. मधुमेही माणसाची साखर त्याने हमखास चढेल. चिठ्ठीवर ‘चूळ भरून थुंकणे’ असं लिहून घ्या आणि दुकानदाराने पाकिटावर ‘रोज चार’ एवढंच खरडलं असेल तर त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.

ट्रायमसिनोलोनच्या वरची पायरी क्लोबेटासोल ०.०५ टक्के. हे अतिजोरकस स्टेरॉइड, आणि हट्टी जखमांवर पेस्टपेक्षा सरस ठरतं असा तज्ज्ञांचा कल आहे. ट्यूबवर ‘फक्त त्वचेसाठी’ असं छापलेलं असतं, म्हणून लोक घाबरून परत करतात. तोंडासाठी ते डॉक्टर जाणूनबुजून देतात. पण स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण दुकानात क्लोबेटासोलच्या जोडीला निओमायसिन, मायकोनॅझोल किंवा जेंटामायसिन अशी जंतूंवरची वा बुरशीवरची औषधं घातलेली क्रीम्स सर्रास मिळतात आणि ती तोंडात लावण्याजोगी नाहीत. क्रीमपेक्षा ऑइंटमेंट किंवा जेल बरं, क्रीममधले घटक जखमेवर झोंबतात. एखादीच खोल, हट्टी जखम असेल तर तिच्या खाली ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन देतात. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्यांसाठी टॅक्रोलिमस ०.१ टक्का ऑइंटमेंट आहे. पहिले काही दिवस त्याने आग होते, आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायचं.

पुराव्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालानुसार, तोंडात लावायची स्टेरॉइड्स औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा (प्लासिबो) वेदना जास्त कमी करतात असं दिसतं, पण अभ्यास थोडे आणि लहान असल्यामुळे खात्रीची पातळी कमी आहे. तरीही जगभर पहिली निवड हीच राहिली आहे, आणि आमच्या मते ती योग्य आहे, कारण नीट वापरली तर हानी थोडी आणि फायदा लवकर दिसतो.

हानीतली मुख्य म्हणजे बुरशी, कॅन्डिडा. दोन-तीन आठवड्यांनी तोंडात दह्यासारखा, पुसला जाणारा पांढरा थर आला, चव गेली, ओठांचे कोपरे चिरले, पुन्हा आग सुरू झाली, तर ‘आजार वाढला’ असं समजून पेस्ट दुप्पट करू नका. लायकेन प्लॅनसच्या रेषा पुसल्या जात नाहीत, बुरशीचा थर पुसला जातो, हा घरी कळण्यासारखा फरक. मधुमेह असलेले, कवळी वापरणारे आणि कोरड्या तोंडाचे लोक इथे जास्त सापडतात. त्यांना डॉक्टर सुरुवातीपासूनच क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट जोडीला देतात. दोन्ही एकाच वेळी थापू नका, मध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. तोंडात नागीण, कांजिण्यांसारखे विषाणूजन्य फोड किंवा पू असलेला संसर्ग असेल तेव्हा ही पेस्ट लावायची नाही.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. ही पेस्ट निदानाआधी वापरायची नाही, आणि महाराष्ट्रात हे दुप्पट जोराने सांगायला हवं. मिश्री लावणाऱ्या बायका, तंबाखू-चुना गालात धरणारे पुरुष, विदर्भातला खर्रा, पान-सुपारी: या प्रत्येकाने तोंडात पांढरे चट्टे येतात. सुपारीने तोंड उघडणं कमी होणारा सबम्यूकस फायब्रोसिस वेगळा, तंबाखूने येणारा, न पुसला जाणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया वेगळा, विडा जिथे धरतात नेमक्या त्याच ठिकाणी उठणाऱ्या लायकेनसारख्या रेषा वेगळ्या. त्या शेवटच्या प्रकारात विडा सोडला की चट्टा मावळू शकतो, पेस्टची गरज लागत नाही. खरा लायकेन प्लॅनस बहुधा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. एकाच बाजूला, आणि तोही दाढेतल्या जुन्या चांदीच्या फिलिंगला चिकटून असेल, तर ते फिलिंग बदलून बघणं हा खरा उपचार असू शकतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल-रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्या, बीटा-ब्लॉकर, पाणी काढणाऱ्या थायाझाइड गोळ्या, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, यांनीही असेच चट्टे येतात. गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन जा, पण एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

म्हणून आधी बायोप्सी. चार-पाच मिलिमीटरचा तुकडा, भूल देऊन, दहा-पंधरा मिनिटांचं काम. सोलवटलेल्या हिरड्यांमध्ये पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे फोड आणणारे आजार हुबेहूब असे दिसतात, त्यामुळे तिथे इम्युनोफ्लुरोसेन्स या प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीसाठी जखमेशेजारच्या चांगल्या अस्तराचा दुसरा तुकडा घेतात. तो नेहमीच्या फॉर्मलिनमध्ये टाकला तर वाया जातो, त्याला मिशेलचं द्रावण हे वेगळं साठवणीचं द्रावण लागतं. स्टेरॉइड पेस्ट आधीच आठवडेच्या आठवडे लावलेली असेल तर सूज ओसरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली चित्र धूसर होतं. यासाठी जायचं ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात, गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात असे विभाग आहेत. पुष्कळ लोक त्वचारोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि कान-नाक-घसा अशा तीन दारांत फिरून इथे येतात. सरळ इथूनच सुरुवात केली तर वेळ वाचतो.

पेस्टच्या शेजारी फडताळावर दिसणाऱ्या इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. ‘तोंड आलंय’ म्हणून घेतलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी लायकेन प्लॅनस हलत नाही. रक्तात कमतरता असेल तर ती भरून काढावी, एवढंच. बधिर करणारी अल्सर जेल जेवणाआधी थोड्या वेळाची सुटका देतात, बरं काही करत नाहीत, आणि सॅलिसिलेट असलेली जेल सोलवटलेल्या जागेवर अधिक झोंबतात. टूथपेस्ट मात्र जरूर बदला. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक नसलेली, दालचिनी आणि तीव्र पुदिन्याचा स्वाद नसलेली घ्या, ब्रश सगळ्यात मऊ घ्या. नुसत्या या बदलाने कित्येकांची आग कमी होते. हिरड्यांचा आजार असेल तर दातांवरचं कीटण काढून घेणं हे पेस्टइतकंच औषध आहे. दुखतं म्हणून ब्रश बंद केला की कीटण साचतं आणि हिरड्या आणखी सुजतात. उसळी असेपर्यंत ठेचा, कडकडीत चहा, टोमॅटो-लिंबू, कुरकुरीत पापड बाजूला ठेवा. उसळी ओसरल्यावर एकेक पदार्थ परत आणून बघा, कायमचं पथ्य पाळण्याचं कारण नाही.

खरेदी करताना ‘ओरल’ किंवा ‘बक्कल पेस्ट’ आणि ०.१ टक्का हे दोन्ही वाचा. त्याच नावाने इंजेक्शनही मिळतं, गल्लत होते. औषध चिठ्ठीवरच घ्या. ट्यूब थंड, कोरड्या जागी ठेवा आणि ओलं बोट ट्यूबच्या तोंडाशी कधी लावू नका. आत ओलावा गेला की त्या तीन पावडरी ट्यूबमध्येच फुगतात आणि पुढची पेस्ट चिकटत नाही.

पेस्टने आराम पडला तरी तपासणी सुटत नाही. तोंडातल्या लायकेन प्लॅनसचं कर्करोगात रूपांतर होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक, म्हणून सहा महिन्यांतून, निदान वर्षातून एकदा तोंड दाखवायचं. जागा हाताला कडक लागली, गाठ आली, जिभेच्या कडेची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तारखेची वाट न पाहता जायचं. घास अडकत असेल तर अन्ननलिका, आणि बायकांना योनिमार्गात आग, चिकटणं किंवा संबंधाच्या वेळी वेदना असतील तर तोही याच आजाराचा भाग असू शकतो. हिरड्या आणि योनी अशी जोडी अनेकदा सापडते, पण दंतवैद्य विचारत नाहीत आणि बाई सांगत नाही. तुम्ही सांगा, स्त्रीरोगतज्ज्ञांना तोंडातल्या आजाराचा रिपोर्ट दाखवा. तिथला उपचार वेगळा असतो, ही पेस्ट तिथे लावायची नसते.